सोळाची बत्तीस करू का?

या अंकासाठी आलेली पत्रं उघडली तर जवळजवळ सगळीकडे रॅमच, म्हणजे मशीनची चालू कामाची मेमरी. कारण उघड आहे. २०२५च्या उत्तरार्धापासून मेमरीच्या किमती चढत गेल्या. चिप बनवणाऱ्या कंपन्या आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवत गेल्या, आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर 'क्रूशियल' हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. पूर्वी "असू दे जास्तीची, काय बिघडतं" म्हणत लोक दुप्पट रॅम घालून मोकळे व्हायचे. आता आधी विचारतात. बरं झालं. मशीन जोडणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा, आणि "रॅम वाढवून द्या" म्हणत येणाऱ्या बऱ्याच मशीनचं दुखणं रॅमचं नसतंच.

प्रश्न : माझ्या पीसीत रायझन ५ ५६०० प्रोसेसर, डीडीआर४-३२०० रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक आणि ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. अलीकडचे मोठे ओपन वर्ल्ड गेम सुरुवातीला मस्त चालतात, पण अर्ध्या तासाने अडखळायला लागतात. एक मित्र म्हणतो ३२ कर, दुसरा म्हणतो करायचंच तर ६४ कर. आहेत त्यांच्याशेजारी आणखी दोन स्टिक घालू, की त्या काढून १६-१६च्या दोन घेऊ? टास्क मॅनेजरचे दोन फोटो जोडले आहेत.

उत्तर : फोटो जोडलेत हे उत्तम केलंत, नाहीतर तुमच्या मित्रांसारखा मलाही एक आकडा फेकावा लागला असता.

पहिला फोटो मेमरीच्या पानाचा. 'इन यूज' १४.६ जीबी, आणि त्याखाली 'कमिटेड' २३.४/२७.९. सगळे वरचाच आकडा बघतात. मी आधी खालचा बघते. चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजने जेवढी मेमरी द्यायचं कबूल केलंय, ती २३.४. ही कबुली जास्तीत जास्त कुठवर ताणता येईल, ते २७.९. त्यात तुमची रॅम आली आणि एसएसडीवरची पेजफाइलही (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आली. म्हणजे हातात १६ असताना २३ जीबीचे वायदे करून झालेत.

पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. प्रोग्रॅम मागून ठेवतात आणि सगळी वापरत नाहीत, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हरही आपला वाटा राखून ठेवतो. म्हणून कमिटेड रॅमच्या पुढे गेलं की मशीन अडलंच असं होत नाही. खरी खूण वेगळीकडे सापडते. रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरीच्या टॅबवर जा, उजवीकडे 'हार्ड फॉल्ट्स' नावाचा आलेख आहे. हवं ते पान (मेमरीचा छोटा तुकडा) रॅममध्ये नव्हतं, डिस्कवरून आणावं लागलं, अशी प्रत्येक वेळ तिथे मोजली जाते. एखाददुसरा उंचवटा सगळ्यांकडे येतो. नवा भाग लोड होताना, प्रोग्रॅम उघडताना येणारच. पण गेम अडखळतो नेमक्या त्याच क्षणी तो आलेख उभा राहत असेल, आणि दर वेळी राहत असेल, तर रॅम कमी पडतेय हे नक्की. रॅमपर्यंत जाऊन यायला प्रोसेसरला शंभरेक नॅनोसेकंदांच्या आत-बाहेर लागतात. चांगल्या एसएसडीपर्यंत जायला काही दहा मायक्रोसेकंद, म्हणजे शेकडो पट. पेजफाइल जुन्या हार्ड डिस्कवर असली तर एकेका खेपेला दहाएक मिलिसेकंद, आणि ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असताना, अख्ख्या फ्रेमच्या वाट्याला येतात जेमतेम १६.७. तो झटका हाताला जाणवल्याशिवाय राहत नाही.

अर्ध्या तासाने का? नकाशात फिराल तसा गेम एकेक भाग आत ओढत जातो आणि जुना लगेच सोडत नाही. शिवाय तुमच्या फोटोत खाली ब्राउझर उघडा दिसतोय. त्यातले टॅब मोजायचं धाडस मी केलं नाही. एकदा ब्राउझर, चॅटची ॲप आणि गेमचे लाँचर बंद करून तोच अर्धा तास खेळा आणि फोटो पुन्हा काढा. अडखळणं गेलं तर तुम्हाला उत्तर फुकटात मिळालं.

आता दुसरा फोटो. खरी मेख इथे आहे. ग्राफिक्सच्या पानावर 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' ८.० पैकी ७.८, आणि 'शेअर्ड' २.९. कार्डाची स्वतःची मेमरी भरली आणि न मावलेला माल तुमच्या रॅममध्ये येऊन पडलाय. यात दुहेरी नुकसान आहे. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला काहीशे जीबी असतो. रॅममधलं काही हवं असेल तर ते कार्डाला जोडणाऱ्या वाटेने, पीसीआयई ४.०च्या १६ लेनमधून येतं, तिथे एका दिशेने ३२ जीबीच्या आसपासच मिळतात. आणि ते २.९ जीबी आधीच तोकड्या असलेल्या १६तूनच गेले. कार्डावर जागा नाही म्हणून रॅम भरली, रॅम भरली म्हणून डिस्कवर गर्दी. उद्या तुम्ही ६४ जीबी घातलीत तरी कार्डाची मेमरी ८च राहणार.

म्हणून आधी गेममध्ये टेक्स्चरची (वस्तूंवर चढवलेल्या चित्रांची) क्वालिटी एक पायरी खाली आणा. बाकी सावल्या, पाणी, गवत आहे तसं राहू दे, फक्त टेक्स्चर. 'शेअर्ड' खाली यायला हवं. मग पुन्हा मोजा. माझा अंदाज असा की अडखळणं अर्ध्यावर येईल, पूर्ण जाणार नाही, आणि तेव्हा ३२ जीबी करायला माझी हरकत नाही. १६ जीबी ही आजच्या मोठ्या गेमसाठी किमान पातळी झाली आहे. त्यात गेम बसतो, पण गेमसोबत दुसरं काही बसत नाही.

६४ मात्र नको. बसमध्ये रिकाम्या सीट जास्त म्हणून ती लवकर पोचत नाही. रॅम पुरेशी असली की वरची प्रत्येक जीबी फक्त पडून राहते, फार तर विंडोज तिथे कॅश, म्हणजे पुढे लागेल म्हणून ठेवलेला डेटा, भरून ठेवतं. आणि मित्राच्या ३२ जीबीच्या मशीनवर तोच गेम १९ जीबी दाखवतो हे ऐकून घाबरू नका. जागा मोकळी दिसली की गेम आणि विंडोज दोघंही हातपाय पसरतात. त्याच्याकडे १९ दाखवतो म्हणजे तुमच्याकडे १९ लागतातच, असं नाही.

राहिला दोन की चारचा प्रश्न. टास्क मॅनेजरमध्ये तुमचे चारपैकी दोन स्लॉट वापरात दिसतात, म्हणजे जागा आहे. तुमच्या पिढीच्या रायझनला एएमडी दोन स्टिकवर ३२००चा वेग अधिकृतपणे देते, चार सिंगल रँक स्टिकवर २९३३चा आणि चार ड्युअल रँकवर २६६७चा. रँक म्हणजे स्टिकवरच्या चिपचा एकत्र चालणारा गट, सिंगलमध्ये एक, ड्युअलमध्ये दोन. प्रत्यक्षात चार सिंगल रँक स्टिक ३२००वर बऱ्याचदा विनातक्रार चालतात, आणि डीडीआर४च्या ८ जीबीच्या स्टिक बहुतेक सिंगल रँकच असतात. स्टिकरवर १आर×८ असं बारीक छापलेलं असतं ते बघून घ्या. तुमच्याच मॉडेल नंबरची जोडी मिळाली तर खुशाल भर घाला, आहे ते फेकायचं कारण नाही. नाही मिळाली तर निदान वेग आणि सीएल (डेटा मिळेपर्यंतचा उशीर दाखवणारा आकडा) तोच घ्या. वेगवेगळ्या स्टिक एकत्र आल्या की सगळ्यांना सर्वांत हळू स्टिकच्या चालीने चालावं लागतं. तसंही जमत नसेल, तर १६-१६ची एकाच पाकिटातली जोडी घ्या आणि जुनी कोणाला तरी द्या.

बसवताना : पॉवर केबल काढा, लोखंडी कॅबिनेटला हात लावा, स्लॉटची चिमटी मागे करा. स्टिकच्या खालच्या कडेची खाच मधोमध नसते, ती जिकडे आहे तिकडेच स्लॉटमधला उंचवटा यायला हवा. मग दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून आधी एक बाजू, मग दुसरी, 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबा. पहिल्यांदा करणाऱ्याला भीती वाटेल इतका जोर लागतो. काही बोर्डांना चिमटी एकाच टोकाला असते. तिथे दुसरं टोक अर्धवट राहिलं तर मशीन चालू होऊन स्क्रीन काळी राहते, आणि लोक "रॅम खराब निघाली" म्हणत परत करायला धावतात. बसवायच्या आधी कूलरही बघा. मोठा एअर कूलर असेल तर त्याचा पंखा प्रोसेसरजवळच्या स्लॉटवर येतो आणि शिंगं असलेली उंच स्टिक खाली मावत नाही. बसवून झालं की रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तरी ती सोडून देऊ नका. 'एकच तर आहे' म्हणून चालवून घेतलेली रॅम पुढे सेव्ह फाइल खराब करते आणि दोष गेमला लागतो.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. सुट्टीत त्याला गेमिंग पीसी करून द्यायचा आहे. यादीत त्याने ६४ जीबी रॅम लिहिली आहे, "पुढची दहा वर्षं बघायला नको" म्हणतो. मला यातलं काही कळत नाही. तो मित्रांबरोबर मुख्यतः ऑनलाइन शूटर गेम खेळतो. कधीकधी विमानाचा गेमही हवा असतो.

उत्तर : ऑनलाइन शूटर मुद्दाम कमी ताकदीच्या मशीनवरही चालतील असे बनवलेले असतात. काउंटर-स्ट्राइक २ची अधिकृत मागणी ८ जीबीची आहे. विमानाचा गेम म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ असेल तर तो खरोखर खादाड. कंपनीच्याच यादीत किमान १६, शिफारस ३२ आणि आदर्श ६४ असं लिहिलंय, आणि चिरंजीवांनी आकडा बहुधा तिथूनच उचललाय. शिफारशीचा आकडा धरा, ३२. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, शक्यतो ८ जीबीपेक्षा जास्त मेमरीच्या.

दहा वर्षांचं म्हणाल, तर दहा वर्षांत रॅमचा प्रकारच बदलतो. डीडीआर४ डेस्कटॉपवर २०१४मध्ये आली, डीडीआर५ २०२१च्या शेवटी. दोन्हींच्या पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी, एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. आज घेतलेली ६४ पुढच्या मशीनमध्ये जाईलच याची हमी कोणीच देणार नाही. १६-१६च्या दोन स्टिक घ्या. त्याला सांगा, ३२ खरोखर भरली की टास्क मॅनेजरचा फोटो दाखव, मग बोलू.

प्रश्न : ग्राफिक्स कार्ड घेणं सध्या जमत नाही, म्हणून रायझन ५ ५६००जीवर भागवते आहे. १६ जीबीची एकच स्टिक घेतली, पण विंडोज 'वापरता येण्याजोगी १३.९ जीबी' दाखवतं. मला कमी रॅम दिली का? आणि साधे गेमही ३०-३५ एफपीएसच्या वर जात नाहीत.

उत्तर : कमी दिलेली नाही. तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, म्हणून बायोसने (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमने) २ जीबी ग्राफिक्ससाठी बाजूला काढून ठेवले. टास्क मॅनेजरमध्ये ते 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' म्हणून दिसतील.

एफपीएसचं कारण 'एकच स्टिक' हे आहे, आणि सबंध पत्रव्यवहारात रॅम घालून खरोखर वेग वाढेल अशी जागा कुठली असेल तर ती तुमचीच. डीडीआर४-३२००ची एक स्टिक एका चॅनलमधून, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एका वाटेने, सेकंदाला २५.६ जीबी देते. दोन स्टिक दोन चॅनलवर बसल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्याला या फरकाचा फटका बसतो, पण बेताचा. तुमच्याकडे प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही त्याच २५.६वर जगतात, आणि ग्राफिक्सची भूक मोठी. तशीच १६ जीबीची दुसरी स्टिक घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात बसवा, बोर्डावर बहुतेक ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. शेजारीशेजारी पहिल्या-दुसऱ्यात बसवलीत तर दोन्ही एकाच चॅनलवर जातात आणि पैसे घालून तुम्ही होत्या तिथेच राहता. असली मशीन माझ्याकडे अजूनही येतात.

१६ परवडत नसेल तर ८चीही चालेल. २४ जीबी होते. त्यातली पहिली १६ दोन्ही चॅनलवर चालते आणि वरची ८ एकाच चॅनलवर. विषम दिसतं खरं, पण एकट्या स्टिकपेक्षा कितीतरी बरं.

प्रश्न : रायझन ७ ७७००, डीडीआर५-६०००, १६-१६ जीबी. सगळं सुरेख चालत होतं. पुढची सोय म्हणून अगदी तीच जोडी आणखी एक आणली आणि ६४ केली. चालू केल्यावर कितीतरी मिनिटं स्क्रीन काळी, मला वाटलं बोर्ड गेला. शेवटी चालू झाला तर वेग ३६००! एक्स्पो चालू केलं की पुन्हा काळी स्क्रीन. दुकानदार म्हणतो बोर्ड बदला.

उत्तर : बोर्ड बदलू नका. तुमचं मशीन कागदावर लिहिलंय तसंच वागतंय. रायझन ७०००साठी एएमडी दोन स्टिकवर ५२०० आणि चार स्टिकवर ३६०० एवढंच कबूल करते. ६००० ही एक्स्पोमधून, म्हणजे रॅमला जादा वेग देणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगमधून, वर चढवलेली गती. दोन स्टिकवर ती सहसा निभते; चार असल्या की प्रत्येक चॅनलच्या तारांवर दुप्पट ओझं येतं आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर हात टेकतो. डीडीआर४च्या काळात चार स्टिकचं एवढं अवघड नव्हतं. त्यामुळे जुन्या सवयीने "आता दोन घेऊ, पुढे दोन घालू" असा बेत करणारे बरेच जण इथे अडकतात.

काळी स्क्रीन म्हणजे ट्रेनिंग. रॅम बदलली की डीडीआर५चं मशीन प्रत्येक स्टिकशी सिग्नल जुळवून बघतं. तुमच्यासारख्या एएम५ बोर्डांवर, त्यातून चार स्टिक असताना, त्याला मिनिटंच्या मिनिटं लागतात. या काळात घाबरून पॉवर बंद केली की सगळं पहिल्यापासून. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा पेटलेला असेल तर निवांत बसा.

आता तुम्ही गमावलं काय ते बघा. सीएलचा आकडा घ्या, २०००ने गुणा, वेगाने भागा. उत्तर नॅनोसेकंदांत येतं. तुमच्या स्टिकवर ६००० आणि सीएल ३० आहे, म्हणजे १०. वरच्या पहिल्या पत्रातल्यासारखी डीडीआर४-३२०० सीएल १६ घेतली तरी १०च. साधी ४८०० सीएल ४० घेतली तर १६.७. म्हणून नुसता वेग वाचून रॅम घेऊ नये, दोन्ही आकडे वाचावेत. तुम्ही ३६००वर उतरलात तेव्हा सेकंदाला ९६ जीबीची वाट ५७.६ची झाली, आणि बदल्यात मिळालेली जास्तीची ३२ जीबी तुमच्या कुठल्याच गेमने मागितली नव्हती. मागितली असती तर तुम्ही तसं लिहिलं असतं.

नवी जोडी काढा आणि परत होत असेल तर करा. पुढे कधी व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामाला खरोखर ६४ लागली तर ३२-३२च्या दोन घ्या, त्याच दोन स्लॉटमध्ये. मधला रस्ताही आहे, २४-२४ची जोडी म्हणजे ४८ जीबी. जाता जाता बाकीच्यांसाठी : डीडीआर५मध्ये ८ जीबीची स्टिक घेऊच नका. तिच्यावर ×१६ प्रकारच्या चारच चिप असतात, त्यांच्यात बँक ग्रुप (चिपमधले मेमरीचे विभाग) निम्मे, आणि त्याच आकड्याचा वेग असून ती मागे पडते. डीडीआर५ म्हटलं की १६पासून सुरुवात.

प्रश्न : कोअर आय५-१०४००, बी४६० बोर्ड. ३६००ची रॅम घातली, टास्क मॅनेजर २६६६ दाखवतो. सगळे म्हणतात एक्सएमपी चालू कर. केलं, काही फरक नाही.

उत्तर : पडणारही नाही. तुमच्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा २६६६ आणि बी४६० बोर्ड त्यापुढे जाऊ देत नाही. रॅम चांगली आहे, तिला धावायला रस्ता नाही. बोर्ड बदलण्याइतका फायदा यात नाही, त्यामुळे आहे तसंच खेळा.

ज्यांचे बोर्ड जाऊ देतात त्यांनी मात्र बायोसमध्ये एक्सएमपी, डीओसीपी किंवा एक्स्पो, एकाच सेटिंगचं जे नाव दिसेल ते, एकदा बघाच. ते बंद असलं की ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर वर्षानुवर्षं चालत राहते आणि कोणाला पत्ता लागत नाही. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅमने बघत असाल तर तिथे आकडा निम्मा दिसतो. १६०० दिसलं म्हणजे ३२००च आहे.

प्रश्न : गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येईल का?

उत्तर : मॉडेल लिहिलं असतंत तर बरं झालं असतं. एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) असेल तर ती बहुतेक बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तसं असेल तर विषय संपला. लॅपटॉपच्या छोट्या स्टिकचे सोडिम स्लॉट असतील तर येईल. काही लॅपटॉपमध्ये अर्धी सोल्डर आणि एक स्लॉट असाही प्रकार असतो. कंपनीच्या साइटवर सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, आधी ते वाचा आणि मग स्क्रू उघडा.

प्रश्न : ताई, मी माइनक्राफ्ट खूप मॉड घालून खेळतो. माझ्याकडे १६ जीबी आहे, त्यातली १२ मी सेटिंगमध्ये जाऊन गेमला दिली, तरी दर थोड्या वेळाने गेम थिजतो. उलट आधीपेक्षा जास्त. बाबांना ३२ मागू का?

उत्तर : अजून मागू नकोस. दिलेली कमी कर.

माइनक्राफ्टची ही आवृत्ती जावावर चालते. जावा मिळालेली जागा भरत जाते आणि भरली की थांबून केर काढते, म्हणजे नको झालेला डेटा पुसते. गेम थिजतो तो त्या वेळी. जागा मोठी दिली की केर काढायची वेळ उशिरा येते, पण आली की साफ करायचं घरही मोठं असतं. दुसरं म्हणजे १६तून १२ गेली तर विंडोज, ब्राउझर, चॅट आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांच्यासाठी ४ जीबीच उरतात. विंडोज ११ला चालू व्हायला किमान ४ लागतात, मग बाकीच्यांनी जायचं कुठे? गेमचाच काही भाग डिस्कवर ढकलला जातो, आणि केर काढताना जावाला तो सगळा परत आत आणावा लागतो. तुझं मशीन थिजतं त्यात याचा मोठा हात असणार.

मॉड (गेममध्ये घातलेली जादा भर) नसतील तर २ ते ४ जीबी बास. मॉडचा मोठा पॅक असेल तर ६ ते ८. लाँचरमध्ये जावाच्या पर्यायांत एक्सएमएक्सपुढचा (-Xmx, गेमला जास्तीत जास्त किती मेमरी ते) आकडा ८ कर. मग खेळताना एफ३ दाब. उजवीकडे वर मेमरीची टक्केवारी दिसेल. ती चढत चढत जाऊन धपकन खाली येते, पुन्हा चढते. हे चांगलं लक्षण आहे. खाली आल्यावरही ८०-९०च्या आसपासच राहत असेल तर ८ खरंच कमी पडतेय, मग एकेक जीबी वाढव. आणि मित्रांसाठी सर्व्हरही याच मशीनवर चालवत असशील तर त्याची मेमरी वेगळी धरावी लागते, गेमच्या आठात ती येत नाही. पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस. तसं असेल तर गेम, सर्व्हर आणि विंडोज यांची बेरीज कर, कमिटेडचा आकडा बघ आणि तो फोटो घेऊन बाबांकडे जा.